घरचा केक की बेकरीचा? खर्चाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरात ओव्हन आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी दोनच गोष्टी विचारल्या. कितीला पडला, आणि आता केक स्वस्तात होतो का. पहिल्याचं उत्तर बिलावर होतं. दुसऱ्यासाठी मी एक शंभर पानी वही घातली आणि प्रत्येक केकचा खर्च लिहीत गेले. त्या वहीवरून ही उत्तरं. भाव बेळगावच्या किरकोळ दुकानांतले, गोळाबेरीज करून धरलेले : मैदा किलो ५०, साखर ४६, तेल लिटर १५०, दूध लिटर ४८, अंडं ७, अनसॉल्टेड बटर १०० ग्रॅमला ६०, व्हिप क्रीम किलोला २४० रुपये. निपाणीत किंवा चिकोडीत पाच-दहा रुपये इकडचे तिकडे होतील. तुमचे भाव घाला आणि हिशेब परत मांडा.

एका वाक्यात सांगा, कुठला स्वस्त?

बिनक्रीमचा साधा केक घरी निम्म्या पैशात होतो. क्रीमचा केक मात्र तुम्ही वर्षातून किती वेळा करणार त्यावर आहे.

साध्या केकचा हिशेब मांडून दाखवाल?

चहाबरोबर खायचा, सात इंची टिनमधला केक घेऊ. मैदा १२५ ग्रॅम, सव्वासहा रुपये. साखर तेवढीच, पावणेसहा. तेल ९० मिली, साडेतेरा. दोन अंडी, १४. चार टेबलस्पून दूध, तीन रुपये. बेकिंग पावडर आणि व्हॅनिला इसेन्सचे मी सरसकट आठ रुपये धरते, कारण चमचाभर इसेन्सचा भाव काढत बसले तर केक जळेल. बटर पेपर तीन, वीज सहा. सगळं मिळून साठ रुपये.

भाजून, गार होऊन हा केक माझ्या काट्यावर ४४० ग्रॅमच्या आसपास भरतो. आमच्याकडे बेकरीत साधा केक अर्ध्या किलोला दीडशे धरला, तर एवढ्याच वजनाचे १३० रुपये होतात. म्हणजे निम्म्याहूनही कमीत काम झालं.

आता तेलाऐवजी १०० ग्रॅम बटर घाला. साडेतेराच्या जागी साठ रुपये आले आणि केक १०६ वर गेला. फायदा अजून आहे, खरं तो डोळ्यांत भरण्यासारखा राहत नाही. पुष्कळ बेकऱ्या साध्या केकात बटर घालत नाहीत, वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरतात. तेव्हा बटरच्या घरच्या केकची बेकरीच्या स्वस्त केकशी तुलना करून ‘घरचा काही फार स्वस्त नाही’ असं म्हणायचं असेल, तर ती तुलनाच चुकलेली आहे.

मग वाढदिवसाचा क्रीम केकही निम्म्यात पडत असेल?

इथं बहुतेकजण फसतात, मीही फसले. अर्ध्या किलोच्या पायनॅपल केकला नुसता वापरलेला माल धरला तर हिशेब गोड दिसतो. स्पंज, म्हणजे क्रीमखालचा साधा केक, विजेसकट ३५, व्हिप क्रीम २०० ग्रॅम म्हणजे ४८, साखरेचं पाणी ३, अननसाचे तुकडे आणि चेरी २०, खालचा बोर्ड आणि खोका २५. एकूण १३१ रुपये. तसाच केक बेकरीत साडेतीनशेला. मग काय, महिन्याला एक केक करायला घेऊया की!

खरं दुकानदार २०० ग्रॅम क्रीम देत नाही. माझ्या वहीचं पहिलं पान असं आहे :

मैदा अर्धा किलो २५, अंडी सहा ४२, बेकिंग पावडरचा डबा ४०, व्हॅनिला ५०, व्हिप क्रीमचा किलोचा खोका २४०, टिन १५०, क्रीमची नक्षी काढायला नोझल आणि पायपिंग बॅगा १२०, बोर्ड आणि खोका ३०, अननसाचा डबा १३०. बेरीज ८२७.

साखर घरची होती म्हणून धरली नाही. ८२७ रुपयांत अर्धा किलोचा एक केक झाला, आणि तोही डावीकडे कललेला. यांनी बेरीज बघितली, काही बोलले नाहीत, नुसतं ‘छान झालाय’ म्हणाले.

टिन, नोझल वर्षानुवर्षं चालतात म्हणून त्यांचे २७० बाजूला काढा. तरी मालाचेच ५५७ राहतात. त्यातला मैदा चपातीच्या डब्याशेजारी बसतो, अंडी आमलेटात जातात, बेकिंग पावडर पुढच्या केकला लागते. अडकतं ते क्रीम. खोक्यातलं ८०० ग्रॅम शिल्लक राहतं आणि पुढचा वाढदिवस चार महिन्यांनी असतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, केकची किंमत केकात काय गेलं यावर काढू नका, फ्रिजमधून काय फेकलं तेही त्यात धरा. आठवड्याभरात दोन-तीन केक होणार असतील, नात्यात कुणाचं काही, सोसायटीत कुणाचं काही, तर घरी करा. वर्षातून एकदाच करणार असाल तर बेकरीचे साडेतीनशे स्वस्त आहेत.

मधला काही मार्ग?

आहे, आणि मला तोच सगळ्यात पटतो. स्पंज घरी भाजायचा आणि फेटलेलं क्रीम ओळखीच्या बेकरीतून पाव किलो मागून आणायचं. सगळे देत नाहीत. आमचा बेकरीवाला देतो, संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत गेलं तर. स्टीलचा डबा आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि तोच घेऊन जायचं. ‘एष्ट री?’ म्हणजे ‘किती हो?’ असं कन्नडमध्ये विचारायचं, तो सांगेल तेवढे द्यायचे. किलोमागे त्याचा भाव खोक्यापेक्षा जास्तच पडतो, पण फेकायला काही उरत नाही. रंग हवा असेल तर तोही त्याच्याकडूनच घालून घ्या, एका केकासाठी पाच रंगांच्या बाटल्या घेऊन कपाटात सुकवण्यात अर्थ नाही.

क्रीमचे प्रकार इतके, त्यातलं खिशाला कुठलं परवडतं?

आधी नावं. आपल्याकडे सगळ्यालाच ‘आयसिंग’ किंवा नुसतं ‘क्रीम’ म्हणतात. फ्रॉस्टिंग म्हणजे जाड, फेटलेलं, सुरीनं पसरायचं. आयसिंग म्हणजे खरं तर पातळ, साखरेचं, वरून ओतायचं. दुकानात क्रीम म्हटलं तरी कळतं.

व्हिप क्रीम म्हणजे बेकरीत जे पांढरं असतं ते. त्यात दूध असतंच असं नाही, बहुतेक ते पाम कर्नल तेलाचं असतं. म्हणून स्वस्त आणि म्हणून उन्हातही जरा टिकतं. फेटल्यावर दुपटीहून जास्त फुगतं, त्यामुळे थोडक्यात काम भागतं. जिभेवर तेलकट थर राहतो असं कुणी म्हटलं तर त्याचं खरं आहे.

दुधाची खरी क्रीम महाग, आणि इथं माझी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलाचा सहावा वाढदिवस, मे महिना. किराणा दुकानात मिळतं ते क्रीमचं पाकीट आणलं, दोन आणली. बर्फाच्या ताटात भांडं ठेवलं आणि बीटर लावला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, क्रीम लस्सीसारखंच. बीटरचा हात लागेल तिथं रेघ उठायची आणि लगेच मिटायची. सासूबाई खुर्ची ओढून बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अगं लोणी तरी काढ त्याचं.’ लोणीही निघालं नाही. नंतर पाकिटाच्या मागं वाचलं, फॅट २५ टक्के. फेटून उभं राहायला निदान ३० ते ३५ टक्के फॅट लागतं, त्याखाली कितीही फेटा, बुडबुडे धरून ठेवायला त्यात ऐवजच नसतो. ती दोन पाकिटं पनीरच्या भाजीत गेली आणि केक संध्याकाळी पाच वाजता बेकरीतून आला. त्या वाढदिवसाचा खर्च वहीत मी दोन रांगांत लिहिलाय.

बटरक्रीम करायचं तर बटरच्या दुप्पट आयसिंग शुगर, वजनानं. २०० ग्रॅम बटरचे १२०, ४०० ग्रॅम साखर घरी दळली तर १९, वर दोन चमचे दूध आणि इसेन्सचे दहा. साधारण दीडशे रुपयांत सहाशे ग्रॅमहून जास्त, म्हणजे आठ इंची केक आतून-बाहेरून होतो. परदेशी तयार फ्रॉस्टिंगचा साडेचारशे ग्रॅमचा डबा चारशे-पाचशेच्या घरात जातो. तिथं घरचं क्रीम सरळ जिंकतं, चवीलाही. फक्त ते फार गोड असतं. आमच्याकडची म्हातारी माणसं पहिल्या घासाला ‘वा’ म्हणतात आणि दुसरा घास बाजूला सारतात.

गनाश चॉकलेट आणि क्रीमचं. कंपाउंड चॉकलेटची अर्धा किलोची लादी मी २२० धरते, केकाला २०० ग्रॅम लागली तर ८८, त्यात शंभर ग्रॅम गरम क्रीम. सव्वाशेच्या आत. आणि याला २५ टक्क्यांचं तेच क्रीम बिनदिक्कत चालतं, कारण इथं फेटायचंच नसतं. त्या मे महिन्यात हे मला ठाऊक असतं तर! कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेल असतं, म्हणून ते स्वस्त आणि वितळवायला सोपं. खरं चॉकलेट दुप्पट-तिप्पट महाग.

आयसिंग शुगर विकत घ्यावी का?

नको. कोरड्या मिक्सरमध्ये साखर दळा, एक कप साखरेला एक चमचा कॉर्नफ्लोर घाला, दोनदा चाळा. पावसाळ्यात दळल्या दळल्या वापरा, नाहीतर सकाळपर्यंत दगड होतो.

एगलेसला बेकरीत जास्त पैसे लावतात, घरीही जास्त पडतो का?

उलट आहे. दोन अंड्यांच्या जागी अर्धी वाटी दही आणि खायचा सोडा घातला तर अंड्यांचे १४ वाचतात आणि दह्याचे नऊ-दहा जातात. सोडा दह्याच्या आंबटपणाला भेटला की वायू सुटतो, केक फुलतो. फक्त मिश्रण करून ठेवू नका, ओव्हन आधी तापवा, मग सोडा घाला. नुसत्या दुधात सोडा घातला तर केक फुलत नाही आणि वर साबणासारखी चव येते.

महाग पडतो तो कंडेन्स्ड मिल्कचा एगलेस. पूर्ण डबा लागतो आणि सगळ्या केकाच्या खर्चाहून त्या डब्याचीच किंमत जास्त. चव चांगली असते, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी धरून महिन्यातले दहा-बारा दिवस अंडं वर्ज्य, आणि प्रत्येक वेळी डबा फोडायला मी काही संस्थानिक नाही.

प्रीमिक्स स्वस्त का मूळपासून केलेला?

जवळजवळ सारखाच. किलोचं एगलेस प्रीमिक्स दोनशेच्या आगंमागं मिळतं, त्यात पाणी आणि तेल घालायचं, बस्स. अर्धा किलोच्या क्रीम केकाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पुरतं, म्हणजे तीस-पस्तीस आणि तेलाचे थोडे. मूळपासून केला तरी तेवढेच जातात. प्रीमिक्समध्ये पैसे वाचत नाहीत, केक बिघडायची भीती वाचते. ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी जणी प्रीमिक्सच वापरतात आणि ‘घरगुती’ म्हणून विकतात. भाजलेला घरीच असतो, त्यामुळे खोटं म्हणता येत नाही. मला स्वतःला त्याचा एकसारखा इसेन्सचा वास आवडत नाही, एवढंच.

ओव्हन नाही. कुकरात केला तर खर्च वाढतो का?

नाही, कमीच होतो. सिलिंडर १४.२ किलोचा, नऊशेच्या आसपास धरला तर गॅस किलोला साधारण ६३ रुपये. मंद आचेवर पन्नास मिनिटांत पाऊणशे ग्रॅम जळाला तरी पाच रुपये. कुकरात तळाला मीठ पसरायचं, वर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिट्टी दोन्ही काढायची, पाणी घालायचं नाही, दहा मिनिटं तापवून मग टिन ठेवायचा. ते मीठ केकासाठीच वेगळं बरणीत ठेवा, परत परत वापरता येतं. रिकामा तापवल्यानं कुकर मात्र काळा पडतो. जुना, वरणभाताला नको झालेला असेल तो घ्या. सासूबाईंचा नवा कुकर घेतलात तर त्याचा खर्च कुठल्याच वहीत मांडता येणार नाही.

आम्हाला वीज गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेत मिळते, म्हणजे ओव्हनचा खर्च शून्य धरायचा?

मर्यादेत असाल तर शून्य धरा. गृहज्योतीत सरसकट २०० युनिटं फुकट नाहीत, तुमच्या २०२२-२३ सालच्या सरासरीवर थोडी वाढ देऊन तुमची मर्यादा ठरलेली असते. तिच्यावर गेलात की वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडली तर वीज कंपनीचं, म्हणजे हेस्कॉमचं पूर्ण बिल. दीड हजार वॅटचा ओव्हन तासभर सलग तापला तर दीड युनिट, पण तो मध्ये मध्ये आपोआप बंद होतो, म्हणून एका केकाला मी एक युनिट धरते. महिन्यात एखादा केक केला तर काही बिघडत नाही. नाताळात वीस केक भाजलेत, तेही गिझर चालू असताना, तर बिल बघून घ्या.

किलोचा केक म्हणजे खरंच किलोभर केक असतो का?

किलोभर असतो, पण निम्मा केक आणि बाकीचं क्रीम, साखरेचं पाणी, फळं. त्यात लबाडी काही नाही, क्रीम केक तसाच असतो. म्हणून घरच्या चारशे ग्रॅम स्पंजची बेकरीच्या अर्ध्या किलोशी तुलना करायची नाही, घरच्या स्पंजवर क्रीम चढलं की तोच पाऊण किलो होतो.

लबाडी कधी कधी बोर्डात असते. एकदा किलोची ऑर्डर दिलेला केक घरी आणून मी सहज काट्यावर ठेवला. बोर्डासकट ९४० ग्रॅम भरला. बोर्ड नंतर पुसून वेगळा तोलला, ७० ग्रॅम. म्हणजे ८७० ग्रॅमचे किलोचे पैसे. बेकरीचं नाव घेत नाही, त्यानंतर तिथं गेलेही नाही. तुम्ही ऑर्डर देताना ‘बोर्ड सोडून किलो’ असं म्हणा, तेवढ्यानं फरक पडतो.

आणि घरी तीनशे रुपयांचा डिजिटल काटा घ्याच. वाटी-पेल्याच्या मापानं केक होत नाही असं नाही, पण रेसिपीतला कप २४० मिलीचा असतो आणि आपली आमटीची वाटी दीडशेची. अर्धे केक तिथंच बसतात आणि बसलेल्या केकासारखा महाग केक दुसरा नाही.

चॉकलेट केकचे भाव एवढे का चढले?

जगातला निम्म्याच्या आसपास कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या आफ्रिकेतल्या दोन देशांतून येतो. तिथं पीक गेलं आणि २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर पोचला. बेकऱ्यांनी भाव वाढवले. घरी एका केकाला पंचवीस ग्रॅम कोको पावडर लागते, त्यामुळे आपल्याला झळ कमी. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घातली तर थोडक्या कोकोतही चव गडद लागते.

केकवरचा जीएसटी कमी झाला ना? मग बेकरीत स्वस्त का झाला नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून केक-पेस्ट्रीवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. पाकिटबंद केकवर छापील किंमत असते, तिथं बघा. गल्लीतली छोटी बेकरी कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांनी एकूण विक्रीवर ठरावीक कर स्वतः भरायच्या सोयीत असेल तर ती गिऱ्हाईकाकडून वेगळा कर घेतच नव्हती, त्यामुळे तिथं भाव उतरायचं तसं कारण नाही. बटर, कंडेन्स्ड मिल्क, कोको यांचाही कर त्याच दिवशी ५ वर आला, म्हणजे उतरला तर दोन्हीकडचा खर्च उतरला.

माझ्या मेहनतीचे पैसे धरायचे की नाही?

पोरांसाठी करताना धरू नका, हिशेब करून कोण लाडू वळतं? पण विकायला सुरुवात केलीत की पहिल्या दिवसापासून धरा. क्रीम केकाला भाजणं, गार करणं, कापणं, क्रीम, नक्षी आणि शेवटी ती चिकट भांडी, असे तीन तास जातात. शेजारच्या वैनींनी पहिल्या वर्षी किलोचा केक चारशेला दिला. माल अडीचशेचा. तीन तासांचे दीडशे उरले, त्यातून गिऱ्हाईकाकडे पोचवायला पेट्रोल. मी त्यांना म्हटलं, यापेक्षा चपात्या लाटा. आता त्या मालाच्या अडीचपट लावतात आणि गिऱ्हाईक तुटलेलं नाही. विकायचं तर अन्नसुरक्षा खात्याची साधी नोंदणी लागते, वर्षाला शंभर रुपये फी. ती करून टाका.

नाताळचा प्लम केक?

विकत घ्या. काजू, मनुका, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल असं सगळं पन्नास-पन्नास ग्रॅम किरकोळीत आणलं तर घरचा महागच पडतो. बेळगाव कॅम्पातल्या बेकऱ्या डिसेंबरभर हेच करतात, माल पोत्यांनी घेतात, त्यांच्याशी आपण काय भावात उतरणार. सुका मेवा रविवार पेठेच्या ठोक बाजारातून चारजणींनी मिळून घेतला, तर मात्र जमतं.

वाढदिवस गावी आहे, जांबोटीच्या पुढं. बेळगावहून केक न्यावा की तिकडं करावा?

तिकडं करा. पावसात तो रस्ता, दुचाकीवर मांडीत खोका, वरून धार. क्रीम केक पोचतो खरा, पण वरचं नाव कुणाचं ते ओळखू येत नाही. बेळगावातून नुसतं चॉकलेट आणि क्रीमचं पाकीट न्या, स्पंज तिथं कुकरात भाजा, वर गनाश ओता. गनाशला फ्रिज लागत नाही, पावसाळी गारव्यात ते तासाभरात आपलं आपण बसतं. वीज गेली तरी अडत नाही. वर बाजारातलं काही लावायची गरज नाही, भाजलेल्या काजूचे तुकडे टाकले की झालं.

पूर्वी नानकटाई बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायचे. केकाचं तसं होतं का?

माझ्या आईनं दिवाळीआधी कितीदा केलंय. मैदा, पिठीसाखर, डालडा घरून न्यायचं, बेकरीवाला मळून, पाडून, भाजून द्यायचा, मजुरी किलोवर. आम्ही पोरं पत्र्याचे डबे घेऊन रांगेत बसायचो आणि भट्टीच्या तोंडाशी गरम पत्रे बाहेर येताना आपला कुठला यावरून भांडायचो. प्रत्येक डब्यावर खडूनं आडनाव. माल आपला आणि आच त्याची, हा खर्चाचा फार शहाणा प्रकार होता. केकाला तो सोयीचा नाही, कारण सोडा घातलेलं मिश्रण रांगेत थांबत नाही. नानकटाईसाठी अजून कुणी भाजून देत असेल तर विचारून बघा, जिथं लाकडाची भट्टी राहिली आहे तिथं.

मग बेकरीतून केव्हा घ्यावाच?

दोन किलोच्या वरचा केक, फोटो छापलेला केक, आणि घरात आजारी माणूस असताना. पहिल्याला आपला ओव्हन पुरत नाही, दुसऱ्याला यंत्र लागतं, तिसऱ्याला सांगायला नको. कुंदा ही बेळगावची दुधाची मिठाई, पण बेळगावकर ती घरी आटवत बसत नाही, दुकानातून आणतो आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. केकाचं तसंच धरा.

उरलेल्या व्हिप क्रीमचं काय करायचं?

खोका एकदा पूर्ण वितळवला की परत गोठवू नका, पुढच्या वेळी फेटताना ते फुटतं. म्हणून आणल्यावर वितळवायच्या आधीच, घट्ट असतानाच, सुरी गरम पाण्यात बुडवून त्याचे चार भाग करा आणि वेगवेगळ्या डब्यांत फ्रीजरला टाका. एका केकाला एक डबा, आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये. डब्यावर तारीख लिहा. माझ्या फ्रीजरमध्ये आत्ता दोन आहेत, एकावर तारीख पुसली गेलीय, ते आता उद्या फळांच्या बाऊलवर जाईल.